मित्राच्या गेमला किती मार्क द्यायचे

तो गेम चांगला निघू नये अशी माझी मनापासून इच्छा होती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना मी कुणाला साधा माणूस वाटायचो.

गेम बनवणारा माझा मित्र. तो पनवेलजवळच्या सुकापूरचा, मी कोन गावचा. कॉलेजात असताना दोघं एकाच बेंजो पार्टीत वाजवायचो, लग्नसराईत हळदीच्या मांडवात. मी ऑक्टोपॅडवर, तो कीबोर्डवर. वाजवण्यात मी त्याच्यापेक्षा वरचढ होतो, हे तोही मान्य करायचा. पुढे मी पनवेल स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि तो बंगळुरूला गेला. तिथे त्यानं एकट्यानं एक म्युझिक गेम केला, त्याला परदेशात बक्षीस मिळालं आणि इंग्रजी वेबसाइटवाले 'प्रायोगिक', 'क्रांतिकारक' असं काहीबाही लिहायला लागले. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते ओवा खाऊन थांबणारं नव्हतं.

मी तेव्हा एका कॉम्प्युटर मासिकात गेमवर लिहायचो. संपादकांचा फोन आला, "तुमच्या पनवेलचाच ना हा? खरंच एवढा भारी आहे की नुसती हवा केलीय, ते लिहा. पाच दिवसांत द्या." मित्रानंही गेम पाठवला. मेलमध्ये एकच ओळ: बाकीच्यांचं सोड, तुझं मत खरं. ती वाचून तर डोकंच फिरलं. एवढं नाव झाल्यावर नम्र व्हायला काय जातं?

गेम असा: टॅबलेटवर काळा पडदा, त्यात एक बाई शब्दांशिवाय गाते. आपण बोट टेकवलं की ती एक सूर लावते, परत टेकवलं की पुढचा. सूर जुळत गेले की पडदा उजळत जातो. नियम कुठेच लिहिलेले नाहीत. मी बोट टेकवायचो, दोन-चार सूर यायचे आणि बाई गप्प. पुन्हा पहिल्यापासून. चार दिवस मी पहिल्याच टप्प्यात अडकलो होतो. ज्या हातांनी अख्खे मांडव नाचवले, त्यांना हा दीडशहाणा गेम नापास करत होता.

मग मी लिहिलं. टच ढिला आहे, लय कळत नाही, परदेशी लोकांना काहीही गूढ वाटतं. दहापैकी चार. लिहून इतकं बरं वाटलं की दुपारी दोन वेळा वाढून घेऊन जेवलो.

जेवणानंतर ओटीवर बसून शेवटचं म्हणून परत खेळत होतो. शेजारी आत्या वालाचं बिरडं सोलत होती. माझी आत्या धवलारीण, म्हणजे आमच्याकडे लग्नविधीची गाणी, धवले, गाणारी बाई. गावातली निम्मी लग्नं तिच्या आवाजावर लागलेली. टॅबलेटमधली बाई पाचव्यांदा गप्प झाली तशी आत्या वैतागली.

"अरं, तिचा सूर संपू दे ना. मधीच कशाला घुसतो?"

हात पदराला पुसून तिनं टॅबलेट मांडीवर घेतला. बोट टेकवलं आणि थांबली. सूर पार विझेपर्यंत थांबली, मग दुसऱ्यांदा टेकवलं. धवल्यात ती अशीच थांबते: ओळ म्हणायची, मागच्या बाया ती परत म्हणतात आणि त्यातल्या शेवटच्या म्हातारीचा आवाज संपल्याशिवाय पुढची ओळ घ्यायची नाही. बेंजोवाल्याचं उलटं. त्यानं जागा मोकळी सोडली की नाचणारे खाली बसतात, म्हणून मी आयुष्यभर प्रत्येक जागा भरत आलो. आत्यानं पहिल्याच फेरीत तीन टप्पे पार केले. पडदा लख्ख उजळला.

"बनवला कुणी?" तिनं विचारलं. मी सांगितलं.

"तो कीबोर्डवाला? तो यायचा बायांच्यात बसायला. तुमची जेवणं चालायची तवा."

मी जेवत होतो, हे खरं आहे. त्याच मांडवात, तेच धवले, दहा हातांवर. मला वाटायचं, आपल्या पार्टीचा नंबर लागेपर्यंत ह्या बाया वेळ काढतायत. मला इतकी जळजळ त्याच्या बक्षिसानंही झाली नव्हती.

रात्र न होऊ देता मी सगळं पुसून नव्यानं लिहिलं. नऊ मार्क दिले. एक कापला, तो का कापला हे मला आजही नीट सांगता येणार नाही. थांबण्यावर दोन परिच्छेद लिहिले, धवल्यांबद्दलही लिहिलं आणि ते सगळं मला स्वतःलाच सुचल्यासारखं लिहिलं. आत्याचा उल्लेख केला नाही.

अंक आल्यावर मित्राचा फोन आला. "अरे, बाहेर एवढं लिहून आलं, पण धवला कुणालाच दिसला नाही. तुला कसा रे लगेच कळला?"

"दुसऱ्या मिनिटाला कळला तुझा गेम," मी म्हणालो.

"चार दिवस झक मारत व्हता, ते सांग की," आत्या मागून म्हणाली.

तिकडे त्याला ते ऐकू गेलं. मग तो म्हणाला, "आत्या आहेत? त्यांनी खेळला? फोन दे त्यांना."

मी फोन दिला. पाऊण तास बोलत होते दोघं. तिनं त्याला कुठला टप्पा घाईचा झालाय ते सांगितलं, कुठे सूर आणखी लांबवायला हवा होता तेही, आणि तो पलीकडे लिहून घेत होता. मी तिथेच उभा होतो. मला कुणी काही विचारलं नाही.