आंधीतला सॅक्सोफोन
आंधी येण्याआधी हवेत कोरड्या धुळीचा वास भरला, की मला जयपुरातली साठच्या दशकातली ती संध्याकाळ आठवते. लग्न झाल्या झाल्या ह्यांची तिथे बदली झाली होती आणि भिंतीपलीकडे ह्यांचे साहेब राहतात म्हणून माझं गाणं बंद पडलं होतं. त्या दिवशी एका बागेत परदेशी जाझ वादकांचा कार्यक्रम होता. पहिल्या सुरापासूनच मला स्वस्थ बसवेना. सॅक्सोफोनवाला एक ओळ घ्यायचा, मोडायचा, भलतीकडेच निघून जायचा आणि समेवर यावं तसा अचूक परतायचा. माझी बोटं मांडीवर ताल शोधत होती. तो सापडला म्हणेपर्यंत निसटत होता. तेवढ्यात वारा सुटला, कनाती फडफडल्या, दिवे गेले आणि लोक उठून पळू लागले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "भाभीजी, चलिए, आंधी आ गई!" हेही उठले. वादक मात्र अंधारात वाजवतच होते. "तुम्ही व्हा पुढे," मी ह्यांना म्हटलं, "मी ऐकून येते." ह्यांचं न ऐकण्याची माझी ती पहिलीच वेळ होती. हे क्षणभर उभे राहिले, मग नाकाला रुमाल लावून पुन्हा शेजारी बसले. परतताना टांग्यात ह्यांनी विचारलं, "एवढं काय होतं त्यात?" मला सांगता येईना, म्हणून मी गाऊनच दाखवलं, भर रस्त्यात, मोकळ्या आवाजात. पहिली ओळ संपली तसे हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "पुन्हा म्हण." आता हे नाहीत. पण अजूनही गायला बसले की पहिल्या ओळीनंतर मी जराशी थांबते.