तीन आइस्क्रीमवाली बाई

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, वर्लिनला, दोन गोष्टी जीव की प्राण. एक ओपल, म्हणजे माझी बहीण, आणि दुसरा पोलिसांचं बोलणं पकडणारा स्कॅनर. क्रम मी मुद्दाम असा सांगतेय, नाहीतर ओपल चिडेल.

जन्मभर धान्याच्या कोठारावर राबला, निवृत्त झाला आणि हे खोकं घेऊन बसला. नेब्रास्कातल्या प्रत्येक काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, पोलीस रेडिओच्या कुठल्या आकड्यावर लागतात, ते त्याच्या वहीत. कुणाची गाय रस्त्यावर आली, कोण छपरावर अडकलं, सगळं याला आधी कळणार. मदतीला जाईल म्हणाल, तर नाव नको. नुसतं ऐकायचं, फार तर बघायला जायचं.

चौऱ्याण्णव साली आम्ही तिघं त्यांच्या लेकीकडे वायोमिंगला निघालो, मागे पलंग असलेल्या त्या मोठ्या गाडीनं. निघतानाच ओपलनं बजावलं, "या खोक्यापायी एक जरी घोटाळा झाला ना, तर प्लॅट नदीच्या पुलावरून खाली टाकीन." ती बोलते ते करते. वर्लिनच्या मासेमारीच्या टोपीचं काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

ओपल पडदा ओढून मागे झोपली. दुपारी पंपावर पेट्रोल भरत होतो, तेवढ्यात स्कॅनर बोलला, "कलिंगडांचा ट्रक उलटलाय." वर्लिननं गाडी अशी दामटली की माझा चष्मा मांडीत पडला. वीस मैलांवर कलिंगडं बघून झाली, तोवर पुढची बातमी आली.

"पंपावर एक बाई एकटीच उभी आहे. जांभळा स्वेटर, हातात तीन आइस्क्रीम. नवरा सोडून गेला म्हणते."

वर्लिन पोट धरून हसला. "तीन? म्हणजे गाडीत आणखी दोघं असणार, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही! काय नमुने असतात. ओपल, ऐकलंस का?"

पडद्यामागून आवाज नाही.

"रुसलीय," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू, मीही हसतच होते.

मग खोक्यातून पोलीस घसा खाकरून म्हणाला, "बाई म्हणतायत, नवरा हे ऐकतच असणार. वर्लिन, मागे फीर."

"हो हो, आलोच," वर्लिन स्कॅनरला म्हणाला. ज्यातून नुसतं ऐकूच येतं, त्या खोक्याला.

पंपावर पोहोचलो तेव्हा एक आइस्क्रीम पोलीस खात होता, दोन ओपलच्या स्वेटरवर होती. ती पुढे माझ्या जागेवर बसली, मला मागे पाठवलं आणि स्कॅनर मांडीवर घेतला. प्लॅटचा पूल आला.

"थांबव."

वर्लिननं गाडी कडेला घेतली. बिचाऱ्याचे डोळे भरून आले होते. ओपलनं काच खाली केली, खोकं बाहेर धरलं, आणि ते बोलायला लागलं. पुढच्या काउंटीचा पोलीस विचारत होता, "काय रे, ती तीन आइस्क्रीमवाली सापडली का? आणि तो खुळा दिसतो तरी कसा?" मग दोघं तिघं खो खो हसले.

ओपलनं हात आत घेतला, काच वर केली आणि आवाज वाढवला.

"चल. मला वायोमिंगपर्यंत ऐकायचंय."

चार काउंट्या गेल्या, किस्सा आमच्या पुढेच पळत होता. शेवटी वर्लिन हळूच म्हणाला, "ओपल, बंद कर ना ते." खोकं घेतल्यापासून अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"वही दे," ती म्हणाली. "पुढचा आकडा कुठला?"