तिघांच्या पाठीमागची विहीर

आमच्या दूध संस्थेचा सचिव जालिंदर म्हणजे भलता चिकाटीचा माणूस. २०१९च्या दुष्काळात संस्थेने माळावर चारा छावणी उघडली. दोनशे जनावरं बांधून झाली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, या शिवारात एक बुजवलेली विहीर आहे. नेमकी कुठे, ते कुणी सांगेना. वर नुसता पाल्याचा आणि मातीचा थर असला, तर जनावर आत जाणार, सोबत माणूसही.

जालिंदर वस्तीवस्तीवर म्हाताऱ्यांना विचारत फिरला. गावठाण, बौद्धवाडा, धनगरवस्ती, प्रत्येक वस्तीची संगणकात साध्या मजकुराची वेगळी फाईल, खाली टिपा. कंसात दुसऱ्या फाईलचं नाव आणि टिपेचा आकडा लिहिला, की टिचकीसरशी ती टीप उघडायची. मी त्याला तोंडावर रिकामटेकडा म्हणालो होतो.

एका दुपारी त्याने मला पडद्यासमोर बसवलं. गावठाणाची टीप म्हणत होती, बौद्धवाड्याला ठाऊक. टिचकी मारली. तिथे लिहिलेलं, धनगरांना विचारा. पुन्हा टिचकी. धनगर म्हणाले होते, गावठाणाला विचारा. चार वेळा फिरून आम्ही तिथेच आलो आणि मला खरंच भीती वाटायला लागली.

आमच्याकडे जिच्यात बाईने जीव दिला त्या विहिरीचं नाव घेत नाहीत, तिच्याकडे बोटही दाखवत नाहीत. विचारलं की माणूस तिकडे पाठ करतो.

"कोण कुठं पाठ करून बसलं, तेबी लिवलंय म्या," जालिंदर म्हणाला. त्याने नकाशावर प्रत्येक वस्तीवरून पाठीच्या दिशेने अशा तीन रेघा ओढल्या. त्या छावणीच्या मधोमध मिळाल्या.

आम्ही धावत गेलो. छावणीत दाटीवाटी, पण मधली वाटोळी जागा मोकळी होती. तिथे एकही जनावर थांबत नव्हतं. जागा रिकामी बघून सत्तरीची सरूबाई म्हशीसाठी खुंटी रोवत होती. बाकी माळावर पहार वाकायची, तिची खुंटी नुसत्या हाताने मुठीपर्यंत आत गेली. खालून गार हवा आली.

जालिंदरने तिला दंडाला धरून मागे ओढलं. म्हैस सोडली, जनावरं हलवायला माणसं पाठवली. सरूबाई त्या जागेकडे तोंड करूनच उभी राहिली.

"हीच का रं ती?"

"हीच, मावशी. तुमाला म्हाईत न्हवतं?"

"मला कुणी दावलीच न्हाई. माजी थोरली भन हाय हिच्यात. अंजना." इतक्या वर्षांत ते नाव गावात कुणी उच्चारलं नव्हतं. जालिंदरने टिपून घेण्यासाठी मोबाईल काढला.

"अजून एक लिव," ती म्हणाली. "लेकरू पोटाशी बांधून गेलती. त्याचं नाव मातर मला इचारू नगं. बारसं दुसऱ्या दिशी व्हतं."