नाखव्याच्या बांबूची दोन बोटं

नाखव्याचा बांबू मी कापला. ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही.

नाखवा म्हणजे आमच्या घोडबंदरजवळच्या वरसाव्याच्या यार्डातला ट्रेलरचा ड्रायव्हर. भाईंदरपलीकडच्या डोंगरीचा कोळी. घरात होड्या असून हा गाडी चालवायला आलेला, म्हणून सगळे त्याला नाखवाच म्हणायचे. ट्रकमागे ट्रेलर जोडून तो इमारतींच्या सळया पोचवायचा. तेव्हा मीरा रोडला जिकडे बघावं तिकडे स्लॅब पडत होते. मी मुंबईतून तिथल्या नया नगरला राहायला आलेलो, यार्डात कारकून.

माल भरला की नाखवा केबिनमधून एक बांबू काढायचा, ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्याशी उभा धरायचा आणि एक डोळा मिटून बघायचा. बांबूला एक खाच होती. ट्रेलरची कड खाचेच्या खाली उतरली, की माल जास्त. मग देव जरी आला तरी गाडी हलायची नाही. मी वजनाची चिठ्ठी पुढे केली की म्हणायचा, "कागदाला स्प्रिंगचे पाटे नसतात, बाला. गाडीला हायेत."

हमाल त्याची मजा करायचे. "काय नाखवा, भरती की ओहोटी?"

"ओहोटी हाय. टाक अजून चार बंडलं. पण पुढं टाक, मागं नको. शेपूट जड झाली तं ट्रेलर नाचंल."

शेठ वैतागायचे. "अरे नाखवा, दो बंडल में क्या होता है?"

"शेठ, बंडल तुम्हारा, पण उतार मेरा हाय."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती बरोबर असतात, आणि म्हणूनच त्यांचा राग येतो.

त्या दिवशी ठाण्याकडच्या साइटवर माल जायचा होता. नाखव्यानं भरलेली सहा बंडलं उतरवायला लावली. शेठनी सगळ्यांसमोर मला झापलं, "तुझ्याच्यानं एक ड्रायव्हर ऐकत नाही?" हमाल हसले. नोकरी जाईल म्हणून मी घाबरलो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. नोकरी गेली नसती. मला नाखव्याचा राग आला होता, एवढंच.

दुपारी तो पाठ करून डबा खात बसला होता. मी फिटरची करवत घेतली आणि बांबूचा बुंधा दोन बोटं कापला. कापलेलं तोंड पांढरं दिसत होतं, म्हणून चिखलात घासलं. मग सहा बंडलं परत चढवायला लावली. "नीट रचलीत, आता बघ," मी म्हणालो. नाखव्यानं बांबू धरला. डोळा मिटला. परत एकदा बघितलं.

"बसतंय की," तो म्हणाला, आणि निघाला.

घोडबंदरच्या रस्त्यावरच्या उतारावर ब्रेक तापले. मागचं वजन ट्रकला ढकलत सुटलं. समोरून भरलेली बस येत होती. नाखव्यानं गाडी डोंगराच्या अंगाला घातली. बसमधल्या कुणालाही खरचटलं नाही. त्याचा गुडघा मोडला.

चार महिन्यांनी तो कुबडी घेऊन यार्डात आला आणि शेठच्या टेबलावर किल्ली ठेवली. "माप बरोबर व्हतं. म्हंजे माझे डोलेच गेले. आता लोकांच्या जिवाशी खेल नको." जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या बांबूला तू कधी हसला न्हायस, बाला."

मी वहीत पुढच्या गाडीचं वजन लिहायला घेतलं.

पुढे दोन वर्षांनी भाईंदरहून बस पकडून डोंगरीला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तो ओट्यावर जाळं दुरुस्त करत होता. त्याच्या बायकोनं चहा दिला. "आता दिसत न्हाई, असं हेच म्हणतात," ती म्हणाली, "रस्तासुद्धा एकटे ओलांडत न्हाईत."

नाखवा समुद्राकडे बघत होता. "ती बघ, तिसरी होडी. पुतण्याची हाय. शीड ठिगळाचं."

मला चष्म्यातून नुसते ठिपके दिसत होते. मी चहा संपवला आणि परतीची बस पकडली.

नाखवा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याची बायको आहे, त्याच घरात. "बांबू मी कापला, आणि तुमच्या नवऱ्याचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते," एवढं मला तिच्यासमोर बसून सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.