सुमीचा मळवट

आज सकाळी माझी धाकटी बहीण सुमन गेली. ती विधवा की सवाष्ण, यावरून मढ्यापाशी भांडण झालं.

नातू म्हणतो, आजोबा, हे फेसबुकवर लिहू नका.

लिहिणार. बहीण माझी हाय.

पासष्टची लढाई. सुमीचा नवरा मारुती पलटणीत, मी सिग्नलमध्ये, वायरलेसवर. दोघंबी कुंडलचे. लढाई थांबली तेव्हा मी पाय मोडून सिक लीव्हवर घरी आलो.

मारुतीचं पत्र न्हाई, काय न्हाई. फौजेकडनं एकच शब्द. मिसिंग.

तेवढ्यात कुणीतरी बातमी आणली, पलीकडचं रेडिओ स्टेशन संध्याकाळी कैद्यांची नावं वाचतंय. नाव आणि गाव.

सुमी म्हणाली, "दादा, तुला येतंय नव्हं ते? मला ऐकव."

माधवनगरच्या गिरणीतल्या दोस्ताचा रेडिओ मागून आणला. नुसती खरखर. मग कुबडी टेकत रानात गेलो, चार उंच कळक रोवून घेतले आणि त्यांच्यावर तांब्याची तार ताणली. शंकरपाळ्याच्या आकारात. एका टोकाला रेडिओ, दुसरं टोक वायव्येला. फौजेत आमी या अँटेनाला रॉम्बिक म्हणायचो.

"टोक तिकडंच का रं?"

"ही तार एकाच दिशेला कान देती, सुमे. पण त्या दिशेचं कुठलंबी स्टेशन धरती. तू नुसती घुंडी फिरव."

धरलं की! लय स्वच्छ न्हाई, पण माणसाचा आवाज.

सुमी रोज दिवेलागणीला तिथं बसायची. उर्दू कळायचं न्हाई, नावं कळायची. दुसऱ्या बायकांच्या नवऱ्यांची.

तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. पण त्या दिवशी सुमी रानभर ओरडली, "मारुती! दादा, मारुती म्हणला त्यो! कुंडल म्हणला!"

मी शेजारीच होतो. मला 'मारुती' ऐकू आलं. मग खरखर. मग नुसतं 'डल'.

"कुंडल कशावरनं, सुमे?"

"माझ्या मानसाचं नाव मला कळत न्हाई व्हय?"

पुढं कैदी सुटले. मारुती आला न्हाई. सरकारी कागद आला, मयत समजावे. सासू मंगळसूत्र उतरवायला आली, तर ही दारात आडवी.

"दादानं ऐकलंय. इचारा त्याला."

सगळे माझ्याकडं बघाय लागले. मी ऑपरेटर. जेवढं ऐकलं तेवढंच सांगायचं, गळलेलं मनानं घालायचं न्हाई, अशी आमची शिकवण. म्हणालो, "मारुती ऐकलं. गाव अर्धंच ऐकलं."

झालं! त्या अर्ध्या गावावर सुमीनं अख्खा जन्म काढला.

कुंकू स्वतःच लावायची. सवाष्णी हळदीकुंकवाला बोलवीनात, विधवा जवळ बसवून घेईनात.

आणि रडायची सोय न्हाई. रडली की मारुती मेला.

एकदा घसा फोडून रडली असती तर मोकळी तरी झाली असती बिचारी.

आज भावकीतल्या निम्म्या बाया म्हणत होत्या मळवट भरा, निम्म्या म्हणत होत्या नको. शेवटी माझी सून म्हणाली, "आण्णा, तुमीच सांगा."

काय सांगू? मला आजबी ठाऊक न्हाई.

मी ओरडलो, "भरा! कपाळभर भरा! जन्मात कुणी तिला कुंकवाचं बोट लावलं न्हाई, आज तरी लावा!"

भरला. हिरवा चुडा घातला. लय देखणी दिसत होती गड्यांनो.

आता घरी येऊन बसलोय आणि डोकं फिरायची पाळी आलीय.

मारुती तिला वर भेटला, तर तो तेव्हाच मेला होता. माझी बहीण जन्मभर मेलेल्या माणसाची वाट बघत बसली.

न्हाई भेटला, तर तो अजून इकडंच कुठंतरी जिवंत हाय. आणि आज हीच गेली.

दोन्हीकडनं सुमीच हरली.

जा सुमे. दादाचा रामराम घे.