टोकावड्याचे मामा आणि दुसरा उपग्रह

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, लिहिणं तर दूरच. तरी मामांबद्दल लिहायचं धाडस करतो आहे. चुकलं तर माफ करावं.

टोकावड्याचे मामा नात्याने कुणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. केलेलं काम पुन्हा करायचा त्यांना भारी कंटाळा. सुट्टीत गावी आले की प्रत्येक लग्नात तेच भाषण करत, फक्त नवरा-नवरीची नावं बदलत. एकदा मांडवातून कुणीतरी ओरडलं, "मामा, काय तरी नवीन बोला की!"

"नवरा-नवरी नवीन हायेत ना? मंग!"

नोकरीतही तेच. उपग्रहांवर जमिनीवरून लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात ते सॉफ्टवेअर लिहीत. एकदा लिहिलेला भाग पुढच्या उपग्रहालाही बसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी त्यांनी मला तिथे नेलं. उपग्रहाकडून येणारे आकडे वाचून त्याचं तापमान, बॅटरी वगैरे पडद्यावर दाखवणारा एक भाग मी लिहिला. चालला! मामांनी माझ्या कोडमध्ये डोकावून कपाळाला हात लावला. मी जागोजागी त्याच उपग्रहाचं नाव आणि मापं घालून ठेवली होती.

"आपल्या वाडीतला लग्नात भात शिजवायचा मोठा टोप कुणाचा रे?"

"समाजाचा. ज्याच्या घरी लग्न, तो नेतो."

"त्याच्यावर तुझ्या बापाचं नाव घातलंस तर?"

"लोक मारतील, मामा."

"मंग? उपग्रहाची माहिती वेगळ्या फाइलीत ठेव. ह्याच्यात कुणाचं नाव नको."

तीनदा परत लिहायला लावलं. चौथ्यांदा नुसतं "हं" म्हणाले. मी भीतभीत विचारलं, "पास ना मामा?"

"कॉलेजात पास. माझ्याकडं नाय. दुसरा उपग्रह येऊ दे, त्याला बसलं तर खरं."

कॉलेजने मार्क दिले, पुढे नोकरीही लागली. मामांचा निकाल मात्र राहूनच गेला. दुसऱ्या उपग्रहाला उशीर होत गेला, मामा निवृत्त होऊन गावी आले. मी भेटायला गेलो की विचारायच्या आधीच म्हणायचे, "आला नाय अजून. बस, चहा घे." तशाच एका उन्हाळ्यात ते गेले. दोन दिवसांचं दुखणं, बस्स.

भातं कापणीला आली तेव्हा मामींचा फोन आला. "यांच्या हापिसातनं फोन आलेला रे. तुजं ते दुसऱ्याला बसलं म्हनं. एक अक्षर बदलाया लागलं नाय." मग त्यांनी हळूच विचारलं, "हे चांगलंच ना रे?"