मेयरसाहेब दारात आणि पातेलंभर चहा

तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. पण चहा टाकलाच आहे, तर माझी फजिती ऐकूनच जा.

मी राहतो इकडे आखातात, अल मनखूलला, एका जुन्या बिल्डिंगमध्ये. बायको थंडीतच लेकीच्या बाळंतपणाला साताऱ्याला गेलेली. घरात उरलो मी आणि एसी. त्यातला एसी जास्त बोलतो!

त्या दिवसांत एक जर्मन आजोबा वरच्या मजल्यावर आपल्या मुलीकडे राहायला आले. वॉचमन माझ्या कानात म्हणाला, "साब, ये अपने गाँव का मेयर था. बडा नेता!" झालं! तेव्हापासून लिफ्टमध्ये मी जरा पोट आत घेऊन उभा राहायला लागलो.

एकदा त्यांनी विचारलं, "तुमचा वाढदिवस कधी असतो?"

"एक जून. यंदा साठ पूर्ण!" मी सवयीने ठोकून दिलं. व्हिसाच्या काउंटरवर वर्षानुवर्षं तेच सांगतोय ना!

आता आमच्या पिढीत अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मलाय, हे त्यांना कुठून कळणार? शाळेत नाव घालताना आई म्हणाली, "थंडी मरणाची होती बघा," आणि गुरुजींनी लिहिलं, एक जून! त्यामुळे ती तारीख उजाडली तरी मला पत्ताच नव्हता. संध्याकाळी बनियन-बर्म्युड्यात बसलो होतो, तर बेल वाजली.

दारात मेयरसाहेब! बाहेर भट्टी पेटलेली, आणि हे सूट, टाय, हातात हा एवढा गुच्छ घेऊन उभे! माझा हात धरला, तो सोडेचनात.

तुम्हीच सांगा, पुढारी फुलं घेऊन हसत दारात उभा राहिला की आपल्या डोक्यात काय येतं? इलेक्शन! दुसरं काय?

"सर," मी घाबरून म्हणालो, "आम्हा बाहेरच्यांना इथे मत नसतं हो!"

ते खो खो हसले. आत येऊन सोफ्यावर बसले आणि दाराकडे बघायला लागले. मी ओळखलं, मागून कार्यकर्ते येतायत! आमचे नगराध्यक्ष कधी एकटे आलेत का कुणाकडे? मी शर्ट चढवला आणि मोठं पातेलं काढून बारा-पंधरा जणांचा चहा टाकला.

चहा उकळला. कुणी आलं नाही. ते दाराकडे बघतायत, मी दाराकडे बघतोय. मधूनमधून ते आपल्या गावाचं सांगत होते. गाव एवढंसं. ह्यांनी गटारं केली, रस्ते केले, आगीच्या बंबासाठी सरकारशी भांडले.

शेवटी तेच म्हणाले, "तुमचे पाहुणे कधी येणार?"

"माझे? मी तर तुमच्या लोकांसाठी थांबलोय!"

"माझे कुठले लोक? आज तुमचा साठावा वाढदिवस ना? आमच्याकडे असा मोठा वाढदिवस असला की मेयर फुलं घेऊन घरी जातो. माझं सगळ्यात आवडतं काम! घर माणसांनी भरलेलं असायचं." मग म्हणाले, "पुढे निवडणूक हरलो. मग बायको गेली. मुलगी दिवसभर ऑफिसात. इथे येऊन फुलं घेऊन गेलो असं हे पहिलंच घर."

मी गुरुजींची आणि थंडीची सगळी कथा सांगून टाकली. ते पुन्हा पोट धरून हसले आणि जायला उठले. ते उठले तशी घरात पुन्हा एसीची घरघर ऐकू यायला लागली.

दारात वळून त्यांनी विचारलं, "मग खरा वाढदिवस कधी?"

खरा थंडीतच होऊन गेला होता. त्या रात्री मी एकट्याने खिचडी खाल्ली होती. पण तोंडातून निघून गेलं, "उद्या!"

दुसऱ्या दिवशी मी केक आणला, इस्त्रीचा शर्ट घातला. बेल वाजली. तोच सूट, नवी फुलं! आम्ही केक कापला, मनसोक्त गप्पा मारल्या.

निघताना त्यांनी रुमालाने मानेवरचा घाम पुसला आणि हळूच म्हणाले, "तुमच्या आईला ह्या उन्हात थंडी वाजली होती?"

मी खलास!

"मी राजकारणात होतो, हबीबी. थाप ओळखता येते," त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण आज मलाही कुठे जायचं नव्हतं."

बघा म्हणजे! आयुष्यभर बायकोसमोर एक थाप पचली नाही माझी, आणि निघालो होतो पुढाऱ्याला गंडवायला!